बाहेरून कुणीतरी ‘हं’ केलं

ऐक ना. मध्ये काही बोलू नकोस, चहा गार झाला तरी चालेल, फक्त ऐक. मुकादम चाळीत तांबे फॅमिलीकडे दसऱ्याला जे झालं ते आहे हे. आणि भर दुपारी झालंय, ऊन कडक, घरातले सगळे जागे, सगळे जेवायला बसलेले. म्हणजे नंतर तू मला ‘भास झाला असेल’ वगैरे ऐकवायचं नाहीस.

जुलैच्या पाण्यात बुधाजी आबा गेले, इथपर्यंत तुला माहितीये. दादरला हिंदमाताला पाणी तुंबलं की मुकादम चाळीत शिरतंच, आणि तांब्यांच्या दोन खोल्यांपैकी एक तळमजल्यावर. रस्त्यावर डांबरावर डांबर चढत गेलं, रस्ता वर आला, खोली राहिली तिथेच, खड्ड्यात. त्या खालच्या खोलीत आबा एकटे असायचे, कारण गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. बाकीचे दुसऱ्या मजल्यावर. सुंदराआजी, मोठा मुलगा निलेश, त्याची बायको कौसल्या आणि त्यांची मनाली. पाणी शिरलं, फ्रीजचा करंट पाण्यात उतरला, आबा गेले. चाळीला एवढंच माहीत. दार उघडंच होतं, म्हातारा सामान वाचवत बसला, बाहेर आलाच नाही. असं निलेशने सांगितलेलं, आणि तोच सगळ्यात आधी खोलीत पोचलेला, म्हणून कुणी पुढे काही विचारलं नाही.

पाणी उतरल्यावर जे सगळ्यांकडे होतं ते झालं. गाद्या फेकल्या. प्लायचं कपाट फुगून त्याची दारं चहातल्या बिस्किटासारखी सुटली. टीव्ही तर भंगारवाल्यानेपण हात लावून परत ठेवला. पण भिंत. पाणी जिथपर्यंत चढलेलं तिथे रेघ उठलेली, पिवळट, कपात चहाची राहते ना तशी. निलेशने घासली, पुट्टी मारली, रंग काढला. काही दिवसांनी रेघ परत, आणि आधीच्यापेक्षा वर. परत रंग, परत रेघ, अजून वर. वॉटरप्रूफिंगवाला आला, बोलला जमिनीतली ओल भिंत चढते, कॉमन आहे. असेल रे कॉमन. पण बाहेर ऑक्टोबरचं ऊन, दोरीवर कपडे टाकले की वाळतायत, आणि त्या एका खोलीत भिंतीला हात लावला की हात ओला. दसऱ्याच्या सकाळी मनाली फुलांची परडी आणायला खाली गेली तर रेघ तिच्या हनुवटीला येत होती. ती परडी उचलून निघाली, मागे बघितलंच नाही.

तर दसरा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. हर्षवर्धन काका, निलेशचा धाकटा भाऊ, दरवर्षी अँटॉप हिलच्या क्वार्टरमधून सकाळीच येतो. काकीला हॉस्पिटलात ड्युटी, म्हणून ह्या वेळी एकटाच. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, सगळ्यांनी पांढरे कपडे घालून त्रिशरण पंचशील घेतलं, आणि ह्या वर्षी बाजूला आबांचाही फोटो, हार घातलेला. वंदना झाली तसा काकाने खालच्या खोलीचा विषय काढला. कुठल्यातरी कुरिअरवाल्याला गोडाऊनसाठी देऊन टाकू. कौसल्याला तिथे पोळी-भाजीचं किचन टाकायचं होतं, ती बोलली, भावजी, तुम्हाला काय, तुम्ही वर्षातून दोनदा येणार. निलेश मध्ये. तो बायकोकडे बघून मान हलवायचा आणि भावाकडे बघूनपण. आजीला विचारलं तर ती बोलली तुमचं तुम्ही बघा, मला काय त्या खोलीत पाय ठेवायचा नाय.

इथपर्यंत सगळं नॉर्मल. सगळ्यांच्या घरी असतं.

आता तांदळाचा डबा. आजीचा एक नियम आहे, तांदळाच्या डब्याचा तळ दिसू द्यायचा नाही. गिरणीचा संप चालू होता तेव्हा तिने तो तळ बघितलेला, वाटीने खरवडलेला, दोन पोरं मागे रडतायत. तेव्हापासून वीतभर तांदूळ उरले की वर नवीन ओतायचे. जुने कधी संपतच नाहीत, खालीच राहतात. पण त्या दिवशी मसालेभाताला तांदूळ कमी पडले, वाण्याचं शटर बंद, म्हणून कौसल्याने डबा आडवा केला. आजी बाहेरून बोलली, “तळ काढू नको गो.” कौसल्या बोलली, “आई, संध्याकाळी आणून भरते.”

आणि तांदळाबरोबर एक मोबाईल परातीत घसरला.

काळा, जाड, बटणाच्या बाजूला पांढरी पूड बसलेली. चार्जिंगच्या भोकातून एक किडा बाहेर आला आणि परातीच्या कडेने चालायला लागला. आबांचा फोन. आजी दारात येऊन बघत राहिली, मग तिला हळूहळू आठवलं. आबांना नेल्यानंतर त्यांच्या सदऱ्यातलं सामान कुणीतरी तिच्या ओंजळीत ठेवलेलं. ओला मोबाईल तांदळात घालतात असं कुणीतरी बोललं, तिने घातला, खोल, अगदी तळाला, आणि पुढच्या रडारडीत विसरली.

म्हणजे समजलं ना तुला? जुलैपासून हे लोक त्याच डब्यातला भात खात होते. वरचा वरचा.

कौसल्याला शिसारी आली, तिने तांदूळ चार पाण्यांनी धुतले, पण टाकून देणार तरी कसे, जेवायला माणूस आलेलं. मनालीने फोन पुसला. ती लॅबच्या रिसेप्शनवर बसते, तिच्या ड्रॉवरमध्ये जगातले सगळे चार्जर, त्यातला एक जुन्या पिनचा घरी होता. तिने तो आबांच्या फोटोखालच्या प्लगला लावून ठेवला. चालू होईल असं तिला वाटलंपण नव्हतं. उगाच. आबांचा फोन आहे, लावून ठेवावा, एवढंच.

सगळे जेवायला बसले. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, खीर. काका परत गोडाऊनवर आलेला. निलेश पुरी तोडत होता.

आणि घरातले फोन एकदम वाजले. निलेशचा खिडकीत, काकाचा खिशात, कौसल्याचा ओट्यावर, मनालीचा गुडघ्याजवळ. एकच टिंग, चार ठिकाणाहून.

काकाने आधी काढला. त्याचा घास गालातच राहिला. ‘तांबे फॅमिली’ ग्रुप. आबा. व्हॉइस मेसेज. बाजूला तो गोल फोटो, चैत्यभूमीपुढे कडक इस्त्रीत उभे आबा.

मग काका मनालीवर घसरला, हे काय, कुणाची मस्करी. मनालीने समजावलं. आबांना टाइप करता यायचं नाही, तिनेच त्यांना शिकवलेलं, माईकवर अंगठा दाबून ठेवायचा, बोलायचं, सोडायचा. ते त्यावर दिवसभर काय काय बोलायचे, गिरणीच्या साच्यांपासून, म्हणजे मागांपासून, भाजीवाल्यापर्यंत. पण खालच्या खोलीत नेटवर्क नाही. मेसेज घड्याळाचं चित्र दाखवत अडकून राहायचे, कुणीतरी फोन वर आणला की वायफाय पकडून एकदम सगळे जायचे. आता फोन चालू झाला, वायफाय पकडलं, अडकलेला गेला. बस.

समजावून झाल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटलं. आणि मग एकदम वाटेनासं झालं. कारण अडकलेला म्हणजे कधीचा?

काकाने लावला.

आधी नुसतं पाणी. बादलीत नाही, घरात पाणी असल्यावर जो आवाज येतो तो, भांडी एकमेकांना लागतायत. मग आबा, अगदी तोंडाजवळ. “कोण हाय? कडी काढ गं. पाणी आलंय घरात.”

आणि दाराच्या पलीकडून, लांबून नाही, अगदी जवळून, कुणीतरी बोललं, “हं.”

मग पाण्यातून पावलं. चुबुक, चुबुक, चुबुक. लांब जाणारी. मग फ्रीजची घरघर, आणि संपलं.

तुला हा ‘हं’ सांगायला पाहिजे. आबांना विसरायला व्हायला लागलं तेव्हा ते डबा घेऊन गिरणीत ड्युटीला निघायचे. गिरणी कुठाय आता, तिथे काचेचा टॉवर आहे, त्याच्या गेटवर जाऊन उभे राहायचे आणि साचेखात्यात सोडा म्हणायचे. एकदा अख्खी दुपार सापडले नाहीत. तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाहेरून कडी लावायची आणि कोयंड्यात चमचा अडकवायचा. म्हणजे आबा दिवसभर आतून हाक मारणार, “कडी काढ गं, भोंगा झाला.” आणि पॅसेजमधून जाणारं जे असेल ते बोलणार, “हं,” आणि पुढे जाणार. आजी, कौसल्या, निलेश, मनाली, काका आला की काका. चाळीतले बाकीचेपण. आबांना तेवढं पुरायचं. ‘हं’ आलं की ते गप्प बसायचे, कुणीतरी येतंय म्हणून. दिवसातून कितीदा केलं असेल ते कुणी मोजलंय? तोंडाला सवयच लागलेली.

त्या दिवशीपण कुणीतरी तेच केलं.

काकाने परत लावला. परत. मग फोन खाली ठेवून हळू बोलला, “वहिनी, हा तुमचा आवाज आहे.”

कौसल्या उभी होती, हातात खिरीचं पातेलं. ती बोलली, “भावजी, तोंड सांभाळा. हा तुमचाच आहे. नाकातून ‘हं’ ह्या घरात तुम्हीच करता.”

आणि खरंच रे, दोघंही त्या दिवशी तिथे होते. काका आबांची औषधं द्यायला आलेला आणि पाणी घोट्याला लागलं तसा निघून गेलेला. कौसल्या प्यायचं पाणी भरायला खाली उतरलेली. मनाली कामावरून लवकर सुटून, चपला हातात घेऊन, कानात हेडफोन घालून त्याच पॅसेजमधून वर आलेली. निलेश सगळ्यात शेवटी, वरळीहून चालत, आणि आबांच्या खोलीत पहिला शिरला तो तोच.

निलेशने आधी बायकोची बाजू घेतली. तो भावाला बोलला की औषधं देऊन पळालास, म्हातारा आत आहे हे बघितलंस का. काका बोलला की बघितलेलं, आत होते, बिछान्यावर बसलेले, मी चमचा परत अडकवला कारण तुमचीच ऑर्डर होती. मग स्वतःच दचकला. “पण दादा, तू तर बोललेलास दार उघडं होतं.”

निलेशने हातातली पुरी खाली ठेवली.

निलेश ताटातल्या भाताकडे बघत होता. “नव्हतं उघडं,” तो बोलला. “चमचा होता. मी काढला आणि खिशात टाकला.”

काका निलेशकडे बघत होता. पण मनाली मम्मीकडे बघत होती, आणि मम्मीचा चेहरा काकाच्या आरोपाने झाला नव्हता तसा आता झाला. तिने पातेलं खाली ठेवलं. “का लपवलंत?”

निलेश बोलला, “घर टिकावं म्हणून.”

“कुणापासून? मी दुपारभर घरात होते. तुम्हाला वाटलं मीच गेले असणार दारावरून. म्हणून लपवलंत. जुलैपासून माझ्या शेजारी झोपताय, माझ्या हातचं खाताय, आणि मनात हे.”

‘नाही’ असं काही तो बोलला नाही. तेवढंच करायचं होतं त्याने, एकदा ‘नाही’ बोलायचं.

कौसल्या आत गेली. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. तिचं माहेर वरळीला, बीडीडी चाळीत. काका आता नरम पडला, आत डोकावून बोलला की वहिनी, तसं नाही, आपण सगळे बसून बोलू. तर निलेश त्याच्यावर धावला, आग लावली आणि आता पाणी घेऊन आलास.

ह्या सगळ्यात आजी एक शब्द बोलली नव्हती. तिने काकाकडे हात केला, मला ऐकव. काकाने फोन तिच्या कानाला लावला. तिने डोळे मिटून ऐकलं, ‘हं’ आलं तसं तिच्या सुरकुत्यांतून काहीतरी सरकलं. ती बोलली, “माझी सासू हाय ती.”

आता तिची सासू म्हणजे आबांची आई, कोकणात गावी वारली, काकाच्या जन्माच्याही आधी. आजी अगदी शांत. बोलली की ती अशीच करायची, लेकराने हाक मारली की ‘हं’ करून पुढे चालू लागायची, आणि लेकरू तिच्या मागनं जायचं. न्यायला आलेली. उगाच माझ्या सुनेला कुणी बोलू नका.

“आई,” काका बोलला, “आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. आपण भूतबित मानत नाही.”

“मी कुठं मानते,” आजी बोलली. “मी आवाज ओळखते.”

दुसरा दिवस असता तर मनाली हसली असती. पण ती आतल्या आत दुसराच हिशोब लावत होती. काकाला मम्मी ऐकू येते. मम्मीला काका. आजीला तिची सासू. पप्पा बोलत नाहीत, पण त्यांना काय ऐकू येतं ते सगळ्यांना कळलंय. तिने स्वतःचा फोन कानाला लावून ऐकलं, दोनदा. तिला कुणीच ऐकू आलं नाही. एक अनोळखी, सपाट, कंटाळलेला ‘हं’. स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कुणाला ओळखू येतो? तुला येतो?

ती आठवायला लागली. पाणी, गुडघ्याच्या खाली. चपला हातात. हेडफोनमध्ये गाणं. आबांचं दार डावीकडे. आबांनी हाक मारली असेल तर तिला ऐकू आली नसेल. पण त्या दारापुढून जाताना हाक ऐकायला लागतच नाही, तोंड आपोआप करतं. केलं का? केलं नाही का? अशा गोष्टी आठवतात का? श्वास घेतल्याचं आठवतं का?

तेवढ्यात निलेशने उठून आबांच्या फोनची पिन उपटली. बस झालं, तोडून टाकतो हा. काका आडवा आला, पुरावा आहे, हात लावायचा नाही. दोघांच्या हातात फोन, आणि फोन गेला बंद पडून, बॅटरीत जीवच नव्हता. मनाली मध्ये शिरली, दोघांच्या बोटांतून तिने फोन काढून घेतला, शेल्फवरची पॉवर बँक उचलली आणि जिना उतरायला लागली. तिला कुठेही जायचं नव्हतं. फक्त त्या खोलीत थांबायचं नव्हतं. पाय खाली घेऊन गेले, आणि खाली दुसरी जागा कुठली.

खालच्या खोलीचं दार ढकलताना लाकूड जमिनीला घासलं. आत अंधार नव्हता, खिडकीतून ऊन येत होतं, पण ते ऊन भिंतीवर पडत होतं आणि वाळवत काही नव्हतं. सकाळी हनुवटीला असलेली रेघ आता कुठवर चढलीये ते तिने बघितलं नाही. ती पायरीवर बसली, पाठ भिंतीला न लावता. फोन पॉवर बँकला लावला. स्क्रीनवर हिरव्या उभ्या रेषा, त्यातून ग्रुप उघडला.

पहिला मेसेज गेलेला. त्याच्या खाली अजून एक होता. बराच लांब. घड्याळाचं चित्र. अर्धमेल्या फोनवरून तो हळूहळू जात होता, आणि पूर्ण जायच्या आधीच पप्पांनी पिन उपटलेली.

म्हणजे ती पावलं लांब गेल्यावरपण आबा बोललेले. आणि आबांना माहीत होतं. आबा बाकी सगळं विसरायचे, पण पावलं नाही. जिन्यावर कोण चढतंय ते आतून सांगायचे, कधी चुकले नाहीत.

ह्यात नाव असणार.

वर कौसल्याची बॅग दारापर्यंत आलेली, तिला ऐकू येत होतं. ह्या मेसेजमध्ये मम्मीचं नाव नसलं तर मम्मी सुटली. असलं तर मम्मी कायमची गेली. मनालीने फोन कानाला लावला.

पाणी. मग श्वास. म्हाताऱ्या माणसाचा, वर चढून बसल्यासारखा, कदाचित पलंगावर. मग आबा, अजिबात घाबरलेले नाहीत, रोजचा आवाज. “मने...”

तिने थांबवला.

मने म्हणजे ती. पण का मने? माईक दाबून बोलायचं तिनेच शिकवलेलं, म्हणून ते कित्येक मेसेज तिच्याशीच बोलल्यासारखं सुरू करायचे, मने आज डाळ खारट होती, मने पंखा बघ. तसं मने? की आत्ता दारावरून गेली ती मने?

पुढचं ऐकलं तर कळणार होतं. अंगठा तिथेच होता. तिला तो हलवताच येईना. भिंतीतून ओलीचा वास येत होता, बंद डब्याचा येतो तसा, आणि पॅसेजमधून कुणीतरी गेलं. चाळीतलंच कुणीतरी, सणाचं तोरण घेऊन. दारासमोरून जाताना ते बोललं, “हं.” आत कुणी हाक मारलेली नसताना. सवयीने.

मनाली उठली. फोन मुठीत, पॉवर बँक खिशात, वायर लोंबकळतेय, तशीच जिना चढली. वर दारात मम्मी चपला घालत होती, आजीने तिच्या बॅगेचा पट्टा धरून ठेवलेला, काका आणि पप्पा दोन भिंतींना दोघं.

“मी होते,” मनाली बोलली.

कुणाला समजलंच नाही आधी.

“तो ‘हं’ माझा आहे. मी कामावरून आले तेव्हा. हेडफोन होते कानात. मला आठवतंय.”

आठवत नव्हतं. तरी बोलली. आणि बोलल्याबरोबर तिला जाणवलं की घरातली हवा बदलली. काकाची मान खाली गेली, पोरीला तो काय बोलणार. पप्पा भिंतीला टेकून खाली बसत गेले आणि त्यांनी तोंडावर हात घेतला, पण त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं, आणि ते दिसलं म्हणून मनालीला त्यांचा राग आला. आजीने बॅगेचा पट्टा सोडला आणि मनालीचं मनगट धरलं, घट्ट. मम्मीने एक चप्पल काढली. दुसरी पायातच. ती लेकीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात सुटका नव्हती.

आणि मनालीच्या मुठीत आबांचा फोन थरथरला.

ती विसरली होती रे. वर वायफाय आहे, आणि आबांचे मेसेज कुणीतरी फोन वर आणला की जायचे, हे तिनेच सगळ्यांना जेवताना समजावलेलं, आणि तीच विसरली.

टिंग. खिडकीत, खिशात, ओट्यावर, गुडघ्याजवळ जिथे तिने तिचा ठेवलेला तिथे.

आबा. व्हॉइस मेसेज. लांबलचक.

काकाने फोन काढला. पप्पांनी हात वर करून खिडकीतून घेतला. मम्मी ओट्याकडे गेली नाही. तिथूनच, अगदी बारीक आवाजात बोलली, “कुणी लावू नका.” आणि मनालीला कळेना की मम्मी कुणाला वाचवतेय. लेकीला, की स्वतःला.

आबांच्या फोनवर मनालीचा अंगठा त्या मेसेजवर दाबून धरलेला. खाली ओळ आलेली, सगळ्यांसाठी डिलीट. एक टच. मग कुणालाच कधी कळणार नाही, तिलापण नाही, आणि तिने आत्ता जे कबूल केलं ते आयुष्यभर तिच्या नावावर राहणार. नाहीतर थांबायचं, आणि ‘मने’च्या पुढे आबा काय बोलले ते सगळ्यांबरोबर पहिल्यांदा ऐकायचं. काकाचा अंगठा खाली येत होता. आजीने मनगट सोडलं नव्हतं.

आता बोल. तू असतास तिथे, तर काय केलं असतंस?